लढाईपुरता सिनेमा

मुरबाड तालुक्यात गोविंद पाटलांइतके सिनेमे दुसऱ्या कुणी पाहिले असतील असं मला वाटत नाही, आणि सिनेमातलं त्यांच्याइतकं कमी कळणारा माणूसही मला दुसरा भेटला नाही. नायक कोण, नायिका कोण, तिच्या बापाचा लग्नाला विरोध का, शेवटी तो विरोध संपला की बापच संपला, यातलं काही त्यांना सांगता येत नसे. सिनेमाच्या तंबूतून बाहेर पडल्यावर कुणी विचारलं, "बाबा, कसा होता खेळ?" तर ते म्हणत, "बरा होता. घोडे होते."

सिनेमांची त्यांनी स्वतःपुरती वर्गवारी केली होती, आणि ती मी वाचलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा स्पष्ट होती. पौराणिक सिनेमे बरे, कारण त्यात केव्हा तरी दोन फौजा समोरासमोर येतातच; पण त्या बहुधा पायी असतात, आणि बाण आभाळात एकमेकांना भिडून विझेपर्यंत फार वेळ जातो. तलवारीचे सिनेमे चांगले. डाकूंचे त्याहून चांगले, कारण डाकूचं घोड्यावाचून चालत नाही, आणि तोंडाला फडकं बांधलं तरी माणसाची बसण्याची ढब झाकत नाही. जादूचे सिनेमे बेभरवशाचे. त्यात फौज असते, पण राक्षसांची, तोंडावर मुखवटे. भुताच्या सिनेमाला ते एकदाच गेले. "एक हवेली आन् चार मानसं," ते म्हणाले, "भुताला फौज कशाला लागते?" सामाजिक सिनेमांचा मात्र त्यांना मनापासून राग होता. "मास्तर, कोट घालून खुर्चीत बसतात आन् रडतात. ते बघायला तिकीट कशाला? आपल्या घरात काय कमी हाय?"

बाहेरगावचा माणूस हे ऐकून हसे. आमच्या गावात कुणी हसत नसे. पाटील त्या फौजांमध्ये आपला मुलगा शोधायला जातात, हे गावाला ठाऊक होतं.

मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ते गाव. तिथल्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा राहायला जागा म्हणून पाटलांनी आपली पडवी दिली. माझ्या दोन ट्रंका गाडीतून उतरवून घेताना त्यांनी विचारलं, "यात काय दगड भरलेत?" पुस्तकं आहेत म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे कणवेनं पाहिलं. "एवढी? सगळी वाचायची बाकी हायेत?"

ते पोलीस पाटील होते आणि तसे दिसण्याची त्यांना हौस होती. लाल पागोटं, टोकदार मिशा, चांदीच्या मुठीची काठी. मुरबाडच्या कचेरीत जायचं असलं की घोडीवर बसून जात. पुढे एक माणूस पायी चाले. तो माणूस नेहमी आधी पोचे आणि कचेरीच्या दाराशी पाटलांची वाट बघत बसे, पण घोडीवरून उतरणारा माणूस आणि पायी येणारा माणूस यांना कारकून वेगवेगळी उत्तरं देतात, हे पाटलांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

त्यांचा एकुलता मुलगा यशवंत, घरात येसू. मी तिथे गेलो त्याच्या आधीच तो निघून गेला होता, त्यामुळे मी त्याला प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. जे कळलं ते पाटलीणबाईंकडून, भात पाखडताना, तुकड्यातुकड्यानं. येसूला शेतीत रस नव्हता, शाळेत त्याहून नव्हता. त्याचा जीव घोडीत. खोगीर न घालता तो तिच्यावर बसे, डावा पाय थोडा बाहेर फेकून, आणि बांधावरून उडवीत नेई. "घोडी पन त्याचीच होती," पाटलीणबाई म्हणाल्या. "ह्यांना ती नुसती वाहून न्यायची."

पाटलांना सिनेमाचा तिटकारा. तोपर्यंत त्यांनी एकही सिनेमा पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत पक्कं होतं. तंबूवाला परवानगी मागायला आला तेव्हा त्यांनी त्याला शिवेवरूनच परत पाठवलं आणि त्यावर चावडीत भाषणही केलं. पुढे म्हसा गावच्या जत्रेत तंबू लागला. येसू वडिलांची घोडी घेऊन जत्रेला गेला आणि तलवारीचा खेळ बघून आला. कुणीतरी चुगली केली. गावच्या पोरांना बंदी आणि पाटलाच्या पोराला सूट, असं कुणी म्हणू नये म्हणून पाटलांनी त्याला चावडीसमोर उभं करून त्या चांदीच्या मुठीच्या काठीनं मारलं. मिसरूड फुटलेल्या पोराला, बायाबापड्यांसमोर. पाटलांनी न्याय केला, असं लोक म्हणाले. आणि पाटलांना ते त्या दिवशी आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूनं घोडीला नदीवर नेऊन घासून धुतलं, आणून दावणीला बांधलं, पुढ्यात पेंढा टाकला आणि तो कल्याणच्या दिशेनं चालत गेला. मुंबईला नोकरी करणाऱ्या एकानं सणाला आल्यावर सांगितलं, की येसू सिनेमात घोड्यावर बसतो. लढाईच्या वेळी जी शेदोनशे माणसं लागतात, त्यातला एक. पाटील म्हणाले, "माझ्यासमोर त्याचं नाव काढू नका." पाटलीणबाई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे बोलत, पण भाकरी वाढू का, बैल बांधले का, एवढंच.

मी गेलो त्या वर्षी भात झोडून झाल्यावर मुरबाडला तंबू लागला. एके दिवशी गावातले दोघेतिघे धावत आले. "बाबा, येसू! येसू हाय त्यात, घोड्यावर! आमी बघितला!"

पाटील संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, मुरबाडला काम हाय. येता का?" तंबूपाशी आल्यावर त्यांनी डोक्यावरून घोंगडी घेतली, कुणी ओळखू नये म्हणून. सगळ्या तंबूनं उठून त्यांना जागा दिली.

आमच्याकडच्या तंबूत मधोमध एक दोर बांधलेला असे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. खाली जमीन, ज्यानं त्यानं आपलं बसकूर आणायचं. बाहेर इंजिन धडधडत होतं. बराच वेळ गाणी झाली, एका राजाला कैदेत टाकलं, कुणीतरी वेष बदलला. पाटील ताठ बसले होते. मग एकदम किल्ल्याचा दरवाजा उघडला आणि घोडे बाहेर पडले, आणि मला कुणी सांगावं लागलं नाही. तिसऱ्या घोड्यावरच्या शिपायाचा डावा पाय बाहेर फेकलेला होता. क्षणभर तो अगदी जवळ आला, मग बंदुकीचा आवाज झाला आणि तो घोड्यावरून पडला.

पाटील उभे राहिले.

"ए घोंगडी! बस की खाली!" मागून, उशिरा आलेलं कुणीतरी ओरडलं. "डोसकं काढ मधनं!"

ते बसले. त्यांना असं कुणी सांगण्याची ही तालुक्यातली पहिली वेळ असावी. खेळ संपल्यावर ते सरळ मशिनपाशी गेले.

"ते घोड्याचं पुन्हा लाव."

"असं नाय लावता येत, बाबा."

"मी पोलीस पाटील हाय."

"असाल," मशिनवाला म्हणाला. "ते रीळ गेलं डब्यात. उद्या या. उद्या पन पडनार हाय तो."

दुसऱ्या दिवशी ते गेले तेव्हा बरोबर पाटलीणबाई होत्या. दोघं दोराला लागून बसली, ते अलीकडे, त्या पलीकडे. पाटलीणबाईंनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. येसू पडला तेव्हा त्यांनी किंकाळी फोडली, आणि पाटलांना दोरावरून वाकून समजावावं लागलं, की ते खोटं असतं, पडणारा पुन्हा उठतो, त्याचेच त्याला पैसे मिळतात. एवढं सलग ते बायकोशी कित्येक वर्षांनी बोलले होते. घरी आल्यावर बाईंनी शेजारणींना बोलावून सांगितलं, "बरा हाय गो येसू. जरासा वाळलाय. पन हसत होता."

तिथून त्या दोघांचा सिनेमाचा प्रवास सुरू झाला. मुरबाडचा तंबू, म्हशाच्या जत्रेतले तंबू, कधी कल्याणचं थेटर, पुढे पुढे शहापूरसुद्धा. जाहिरातीची बैलगाडी भोंगा वाजवत आली की पाटील नाव वाचत नसत; फळीवरच्या चित्रात घोडा आहे का, एवढं बघत. एकदा घोडा बघून गेले तर सिनेमा टांगेवाल्याचा निघाला. "एक घोडा," परत येऊन ते म्हणाले, "तो पन रोगट. सगळा वेळ तो मालकाच्या लग्नाची काळजी करतो." दहा खेळांत एखाद्यात येसू सापडे. कधी पाठमोरा, कधी धुळीत, कधी निव्वळ एक पाय.

पाटलीणबाईंना मात्र प्रत्येक सिनेमा म्हणजे मुलाची नवी खुशाली वाटे, आणि सिनेमे ज्या क्रमानं येत त्या क्रमानं त्या ती ऐकत.

"मागल्या खेपेला मिशी होती. आता काढली वाटतं."

"कामासाठी काढायला लावत असतील," पाटील म्हणत.

"आन् बारीक झालाय. खानावळीचं खातो. जत्रेच्या टायमाला कसा भरलेला होता!"

मला त्यातली गडबड लवकरच कळली. मुंबईत बघून शिळा झालेला सिनेमा कल्याणला जाई, तिथे शिळा झाला की कुठल्यातरी तंबूवाल्याच्या हाती पडे. कुठला आधी आणि कुठला नंतर, हे तंबूवाल्याला कुठला स्वस्तात मिळाला यावर ठरे. सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या सेन्सॉरच्या कागदावर साल असतं म्हणतात, पण आमच्याकडे येईपर्यंत सिनेमाचा पहिला तुकडा झिजून तुटून गेलेला असे. म्हणजे आज मिशी काढलेला येसू हा कालच्या मिशीवाल्या येसूपेक्षा तीन वर्षांनी लहान असू शकत होता. हे पाटलांनाही कळलं होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. खुशाली ऐकून ती बाई जेवायला लागली होती, नवऱ्याशी बोलायला लागली होती. तिथे साल विचारायला जाणारा मी कोण?

फक्त येसू येत का नाही, हा प्रश्न पाटलीणबाईंनी सोडला नाही. उत्तरही त्यांच्याकडे तयार होतं. "तुमी मारलात म्हनून येत नाय. तुमी स्वतः जा. तोंडानं बोलवा. काठी घरी ठेवून जा."

पाटील काठी घरी ठेवून मुंबईला गेले. दोन-तीन दिवसांनी परत आले. पाटलीणबाई ओट्यावरच उभ्या होत्या. "कामात हाय," पाटील म्हणाले. "शूटिंगला लांब गेलाय. राजस्थानात का कुठं." बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हटलं, "तुमी नीट बोलावलाच नसाल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला ते खळ्यावर घेऊन गेले. खळं रिकामं होतं. ते भिंतीला टेकून बसले आणि बोटानं जमीन उकरत राहिले.

"मास्तर, येसू नाय राहिला."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

एका स्टुडिओच्या फाटकावरून दुसऱ्या फाटकावर असे ते हिंडले होते. फाटकावर त्यांनी "मी पोलीस पाटील" असं सांगून पाहिलं, आणि पहारेकऱ्यानं "आत तीन राजे बसलेत, बाहेर थांबा" असं उत्तर दिलं. शेवटी घोडे भाड्यानं देणाऱ्या एका माणसाच्या तबेल्यात येसूचे सोबती भेटले. येसूचं काम पडायचं. तो फार छान पडत असे, ते म्हणाले. एका लढाईत तो पडला, आणि मागून येणारा घोडा थांबला नाही. सोबत्यांनीच अग्नी दिला. त्यानं गावाचं नाव कुणाला सांगितलं नव्हतं. बाप कोण, ते विचारतील म्हणून.

"कधी झालं हे?"

पाटलांनी मान वर केली नाही. "तुमी आमच्या गावात आलात ना, त्याच्या आदल्या पावसाळ्याच्या आदी." थोड्या वेळानं ते म्हणाले, "म्हंजे मुरबाडच्या तंबूत आपन त्याला पयल्यांदा बघितला, तवाच तो नव्हता."

ते पाटलीणबाईंना सांगायला हवं, असं मी म्हणालो.

"सांगीन. पन कसं? दहावा करायचा तर डोकं भादरावं लागंल. डोकं पागोट्यात झाकंल. मिशीचं काय करू?"

त्यांनी सांगितलं नाही. आणि सिनेमे येत राहिले. मुलगा मेला म्हणून त्याचे सिनेमे यायचे थांबत नाहीत, हे विचित्र होतं. उलट त्या दोन-तीन वर्षांत येसू पूर्वीपेक्षा जास्त वेळा दिसला. पाटील प्रत्येक खेळाला बायकोबरोबर जात, दोराच्या अलीकडे बसत, आणि "दिसला का हो? तो बघा, झाडाखालचा!" असं त्या म्हणाल्या की "व्हय, दिसला" म्हणत. काठी त्यांनी परत हातात घेतली नाही. कचेरीत पायी जाऊ लागले. घोडी म्हातारी झाली होती, तिला ते स्वतः नदीवर नेत. पुढे सरकारनं वतनी पाटीलकी बंद केली तेव्हा तालुक्यातल्या इतर पाटलांनी सभा घेतली, ठराव केले, फोटो काढून घेतले. आमचे पाटील गेले नाहीत. "बरं झालं," एवढंच म्हणाले.

मग पाटलीणबाईंच्या मनानं येसूचं लग्न घेतलं.

बायको आली की तो घरी येईल, असा त्यांचा हिशेब. पाटील टाळत राहिले; तोपर्यंत बाईंनी आपल्या माहेरच्या माणसांकरवी वैशाखऱ्याची एक मुलगी पाहिली, निरोप पाठवले, होकार आणला. मुलीच्या बापाची एकच अट होती: मुलगा दाखवा. तो तर कामावर. बाईंनी यावरही तोड काढली. त्या आठवड्यात मुरबाडच्या तंबूत जो खेळ चालू होता त्यात येसू होता, आणि चांगला ठसठशीत होता. मुलीकडच्यांनी तंबूत येऊन मुलगा पाहावा.

आता हे वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. तिथे कुणाला वाटलं नाही. ते वैशाखऱ्याहून बैलगाडी जुंपून आले: मुलीचा बाप, आई, चुलता आणि मुलगी. मुलीनं हिरवं लुगडं नेसलं होतं. पाटलीणबाईंनी तिला दोराच्या पलीकडे आपल्या शेजारी बसवलं. अलीकडे मुलीचा बाप, त्याच्या शेजारी पाटील, त्यांच्या शेजारी मी. पाटलांच्या कपाळावर घाम होता.

"कुठला? कुठला?" घोडे आल्यावर मुलीचा बाप विचारू लागला.

"तो बघा, मधला!" पाटलीणबाई पलीकडून म्हणाल्या. "पाय भायेर असलेला! बघितलास का गो पोरी?"

मुलगी पदर सावरून पुढे वाकून बघू लागली. पडद्यावर येसूनं तलवार उपसली, दोघांना खाली पाडलं, घोडा मागच्या पायांवर उभा केला. देखणा होता. मुलीचा चुलता म्हणाला, "बसतो झ्याक."

"मिळवतो किती?" बापानं विचारलं.

पाटलांनी कपाळ पुसलं.

खेळ संपला. तंबूबाहेर गाड्यांपाशी सगळे जमले. अजून लोक बाहेर पडत होते, बैल जुंपले जात होते. मुलीचा बाप पाटलांचा हात हातात घेऊन म्हणाला, "सोयरे, आपल्याला पसंत हाय. पोरीला पन पसंत दिसतोय. सुपारी कदी फोडायची ते सांगा."

पाटलांनी हात सोडवून घेतला. त्यांनी पागोटं काढलं आणि काखेत धरलं. त्यांना बोडक्या डोक्यानं चारचौघांत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पोरगी दुसरीकडे द्या," ते म्हणाले. "येसू वारला."

"काय बोलताव?" मुलीचा बाप म्हणाला. "आता तर—"

"वारला. कामावर. घोड्याखाली आला. लय वर्सं झाली."

मुलीच्या आईनं मुलीला जवळ ओढलं. पाटलीणबाई गाडीचं चाक धरून उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग आता कोन होता?"

"तोच. पन सिनेमा जुना हाय."

"आन् मागला? जत्रेतला?"

"तो पन जुना."

"मिशीवाला?"

"समदे जुने गो. समदे आदीचे."

बाई विचार करू लागल्या. मला वाटलं, त्या नवऱ्याला शिव्या देतील, इतकी वर्षं का लपवलंत म्हणतील. त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं की त्या सगळे सिनेमे एकामागून एक आठवत आहेत.

"मग त्यातला शेवटचा कुठला?" त्यांनी विचारलं. "शेवटाला कसा दिसत होता तो? वाळलेला का भरलेला?"

पाटलांना ते सांगता आलं नाही. ते पागोटं काखेत धरून तसेच उभे राहिले. मुलीच्या बापानं खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि आपली गाडी हाकली.

त्या आठवड्यात पाटील नदीवर गेले, डोकं आणि मिशा उतरवल्या आणि मुलाचं जे करायचं राहिलं होतं ते केलं. मी बरोबर होतो. मिशांशिवाय ते कुणीतरी वेगळेच, कचेरीच्या दाराशी ताटकळणारे शेतकरी दिसत होते. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला तेव्हा ते हात जोडून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होते. मी ऐकण्याचा प्रयत्न केला नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली शहापूरला झाली. गावाशी संबंध पत्रापुरताही राहिला नाही, कारण पाटलांना लिहिण्याचा कंटाळा. दिवस बदलत होते. सिनेमे रंगीत झाले, नायक बागेतून धावू लागले, आणि फौजा पडद्यावरून हळूहळू नाहीशा झाल्या. तंबूवाले मात्र जुनंच चालवत. जुनं स्वस्त पडे.

एका उन्हाळ्यात शहापूरच्या बाजारात पाटील-पाटलीण मला अचानक दिसली. एस. टी.नं सरळगाव, किन्हवली करत आली होती. दोघं खूप थकली होती. मी त्यांना घरी नेलं, चहा दिला. कशाला आलात, हे विचारायची गरज नव्हती. तंबू माझ्या घरापासून दिसत होता आणि त्याच्या फळीवर घोडा होता.

"हा मुरबाडला आलाच नाय," पाटील म्हणाले. "तिच्या भावानं बघितला. म्हनाला, हाय त्यात."

"लय लहान दिसतो म्हनाला," पाटलीणबाई म्हणाल्या. "पयला असंल."

पहिल्या खेळाला आम्ही तिघं गेलो. बाहेर अजून उजेड होता आणि कनातीच्या भोकांतून आत येत होता, त्यामुळे पडदा फिका दिसत होता. ती दोघं दोराला लागून बसली. मी पाटलांच्या मागे. लोक गप्पा मारत होते, पोरं रडत होती, कुणाचं सिनेमाकडे लक्ष नव्हतं. अशा सिनेमांचे दिवस गेलेच होते.

लढाई आली. येसू खरंच अगदी कोवळा दिसत होता, शिरस्त्राण त्याला मोठं होत होतं. त्याला भाला लागला आणि तो पडला. दिग्दर्शकाला घाई असावी किंवा पर्वा नसावी, कारण मेलेला येसू पडद्याच्या कोपऱ्यात तसाच राहिला आणि मागून घोडे येत राहिले. एक पांढरा घोडा सरळ त्याच्या अंगावर येत होता. येसूचा एक पाय पसरलेला होता.

"पाय घे रे," पाटलीणबाई म्हणाल्या. हळू नव्हे, घरात म्हणावं तसं. "येसू, पाय घे!"

पडद्यावरच्या मेलेल्या शिपायानं डोळे किलकिले केले आणि पाय पटकन पोटाशी ओढून घेतला. घोडा बाजूनं निघून गेला. सगळा तंबू हसला. "मेलाच नाय रे! नाटकी!" कुणीतरी शिट्टी मारली.

पाटलांनी दोराखालून हात पलीकडे घातला.

"घेतला गो," ते म्हणाले. "घेतला त्यानं."